निवृत्त लष्करी ट्रक ताब्यात घेऊन चालवत घरी आणताना

लिलावातून लष्करी ट्रक विकत घेण्याचे काम बसल्या जागी होते. तो यार्डातून बाहेर काढून सुखरूप घरी आणणे हे मात्र पूर्ण एका दिवसाचे, आणि तयारी धरली तर दोन-तीन आठवड्यांचे काम आहे. मी असे तीन ट्रक आणले. दोन स्वतः चालवत आणले आणि एक, यार्डातल्या तपासणीत ब्रेक समाधानकारक न वाटल्यामुळे, लोबेड (कमी उंचीच्या) ट्रेलरवर चढवून आणला. या तीन खेपांत जे शिकलो ते येथे क्रमवार लिहीत आहे. उदाहरणे मुख्यतः अमेरिकी लष्कराच्या अडीच टनी एम-३५ए२ आणि पाच टनी एम-९३९ मालिकेतील आहेत (हे टन वाहून न्यायच्या भाराचे, ट्रकच्या वजनाचे नव्हेत), कारण मी हाताळलेले ट्रक तेच. पण वर्षानुवर्षे एका जागी उभ्या राहिलेल्या कोणत्याही जड लष्करी गाडीला यातले बहुतेक सगळे लागू पडते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. इंजिन चालू झाले म्हणून ट्रक रस्त्यावर नेण्यायोग्य ठरत नाही. नवखा माणूस यार्डात पोचताच इंजिन सुरू करण्याच्या मागे लागतो, ते सुरू झाले की आनंदात निघतो, आणि ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांची परीक्षा रस्त्यावर होते. हा क्रम उलटा करावा.

१. बोली लावण्यापूर्वी लॉटचे (लिलावातल्या त्या ट्रकचे) वर्णन शब्दशः वाचा

वर्णनात ‘केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी’ असे लिहिले असेल, तर तो ट्रक सार्वजनिक रस्त्यावर नोंदवण्यात मोठी अडचण येऊ शकते, आणि अशा वेळी तो चालवत आणण्याचा विचार सोडून वाहतुकीचा खर्च बोलीतच धरावा. ‘चालू स्थितीत’ या शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की बाहेरून बॅटरी जोडल्यावर इंजिन सुरू झाले आणि गाडी काही फूट हलली. ब्रेकची हमी त्यात नसते.

परवान्याचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. बहुतेक ठिकाणी परवान्याचा वर्ग वाहनाच्या नोंदलेल्या कमाल एकूण वजनावर (गाडी आणि भार मिळून) ठरतो, त्या दिवशी ट्रक रिकामा आहे की भरलेला यावर नाही. रिकामा एम-३५ए२ साधारण सहा टनांचा असतो आणि एम-९३९ मालिकेतला एम-९२३ दहा टनांच्या जवळ जातो. एअर ब्रेकसाठी काही ठिकाणी परवान्यावर वेगळी नोंद लागते. आपल्याकडे योग्य परवाना नसेल, तर तो असलेला चालक आधी ठरवावा.

ट्रक उचलण्याची अंतिम तारीखही नोंदवून ठेवावी. ती उलटली की साठवणुकीचे शुल्क सुरू होते आणि फार उशीर झाल्यास विक्रीच रद्द होऊ शकते.

२. कागदपत्रे

पुढील कागद मूळ प्रतीत आणि प्रत्येकी दोन छायाप्रतींसह सोबत ठेवावेत.

– पूर्ण रक्कम भरल्याची पावती आणि विक्रीपत्र
– यार्डातून ट्रक सोडण्याचा आदेश किंवा गेट पास, आणि ठरवून घेतलेली वेळ
– स्वतःचे ओळखपत्र; दुसऱ्या कोणाला पाठवत असाल तर त्याच्या नावाचे अधिकारपत्र
– तात्पुरती नोंदणी किंवा तात्पुरती नंबर प्लेट
– त्या दिवसापासून लागू असलेला विमा
– योग्य वर्गाचा वाहन परवाना

अमेरिकी सरकारी गाड्यांच्या बाबतीत मालकीची नोंद करण्यासाठी एसएफ-९७ हे प्रमाणपत्र लागते. ते ताबा घेण्याच्या दिवशी हातात पडेलच असे गृहीत धरू नये. ते मागाहून येऊ शकते. त्यामुळे प्रवासासाठी तात्पुरती परवानगी कोणत्या कागदाच्या आधारे मिळेल, हे नोंदणी कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. विम्याच्या बाबतीतही असेच आहे. पुष्कळ विमा कंपन्या लष्करी गाडी म्हटल्यावर लगेच नकार देतात, म्हणून जुन्या आणि संग्राह्य गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांकडे प्रथम चौकशी करावी.

३. सोबत न्यायचे साहित्य

सगळ्यात आधी एक माणूस आणि एक गाडी. मागून येणारी सोबतची गाडी नसेल तर मी हा प्रवास करणार नाही. टायरमधून धूर येतो आहे, ब्रेकचा दिवा लागत नाही किंवा काही गळते आहे, हे ट्रकच्या केबिनमधून दिसत नाही. मागच्या गाडीतून लगेच दिसते.

साहित्यात टायरच्या दाबाचा मापक (दर चौरस इंची १५० पाउंडांपर्यंतचा), बॅटरीच्या केबल, मल्टिमीटर, पाने-पकडी, तारेचा ब्रश, ग्रीस गन, चाकांना लावण्याचे भक्कम लाकडी ठोकळे, अग्निशामक, डिझेल फिल्टर, इंजिन ऑइल, कूलंट, पाण्याचे दोन कॅन, होज पाइपचे क्लॅम्प, इन्सुलेशन टेप, त्रिकोणी इशारा फलक आणि चुंबकाने चिकटणारे, स्वतःच्या बॅटरीवर चालणारे मागचे दिवे घ्यावेत. अंतरावरून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर जरूर घ्यावा. त्याचा उपयोग पुढे येईल.

चाकाच्या पान्याबद्दल स्वतंत्र सांगणे आवश्यक आहे. एम-३५ च्या मागच्या जोडचाकांत बाहेरच्या नटाच्या आत आतल्या चाकाचा दुसरा, चौकोनी डोक्याचा नट असतो. बाहेरच्याला दीड इंची षट्कोनी सॉकेट लागते आणि आतल्याला १३/१६ इंची चौकोनी. शिवाय डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात आणि बोल्टवर तसे अक्षर कोरलेले असते. हे माहीत नसलेला माणूस नट सैल करतो आहे असे समजून पूर्ण ताकदीने घट्ट करत राहतो आणि बोल्ट तुटतो.

४. इंजिनला हात लावण्यापूर्वी

प्रथम केबिनमधल्या माहितीपट्टीवरचा आणि चासीवरचा क्रमांक कागदाशी अक्षर-अक्षर जुळवून पाहावा. यार्डात एकसारखे वीस ट्रक उभे असतात. माझ्या दुसऱ्या ट्रकच्या कागदावर एक अंक चुकला होता. तो गेटच्या आत असतानाच लक्षात आल्यामुळे अर्ध्या तासात दुरुस्त झाला. बाहेर पडल्यावर तीच दुरुस्ती आठवडे खाते.

मग टायर. वरची नक्षी जाड आहे यावर विसंबू नये, कारण लष्करी टायर झिजण्याआधी वयाने मरतात. टायरच्या कडेवरील चार अंकी संकेतात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. २३०९ म्हणजे २००९ सालचा २३ वा आठवडा. कडेला खोल भेगा, फुगवटा किंवा आतले धागे दिसत असतील तर ते टायर महामार्गावर नेऊ नयेत. जोडचाकांतील आतला टायर बसकण मारलेला असला तरी बाहेरून कळत नाही, म्हणून प्रत्येकाचा दाब मोजूनच पाहावा.

येथे एक गंभीर इशारा आहे. या ट्रकांपैकी बऱ्याच गाड्यांना लॉक रिंगचे, म्हणजे अनेक तुकड्यांचे रिम असतात. हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते आणि समोरचा माणूस जागीच मरू शकतो. हवा पूर्ण गेलेल्या टायरमध्ये यार्डात हवा भरू नये. तो खोलून, रिंग तपासून, पिंजऱ्यात ठेवूनच भरावा लागतो, आणि ते काम जाणकाराचे आहे. थोडी हवा कमी असेल तरीही लांब नळी आणि क्लिपचे तोंड वापरून, टायरच्या समोर नव्हे तर बाजूला उभे राहून भरावी.

यानंतर तेले पाहावीत. इंजिन ऑइलची पट्टी काढल्यावर ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि पातळी खुणेच्या बरीच वर असून डिझेलचा वास येत असेल तर इंधन मिसळले आहे. दोन्ही प्रसंगी इंजिन सुरू करू नये. गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारी पेटी) आणि डिफरन्शियल यांतल्या तेलाची पातळी पाहावी. डिझेल टाकीच्या तळाचा प्लग किंचित सैल करून खालचे पाणी आणि गाळ भांड्यात काढावा. एम-३५ए२ चे इंजिन अनेक प्रकारच्या इंधनांवर चालण्यासाठी बनवलेले आहे, म्हणून काही जण पहिल्याच खेपेला त्यात टाकाऊ तेल घालतात. हा मोह टाळावा. स्वच्छ डिझेलच भरावे.

५. बॅटरी आणि इंजिन

या गाड्यांची विद्युत प्रणाली २४ व्होल्टची असते आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग एक जोडून ती बनते. साध्या मोटारीच्या बॅटरीवरून ती थेट सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. दुसरा लष्करी ट्रक जवळ असेल तर दोघांच्या नाटो सॉकेटला (बाहेरून वीज जोडण्याच्या लष्करी खोबणीला) योग्य केबल जोडणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. मी चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या सोबतच नेतो, कारण यार्डातल्या बॅटऱ्या बहुधा गेलेल्या असतात किंवा काढून घेतलेल्या असतात. सोबत नेलेले १२ व्होल्टचे कोणतेही उपकरण या प्रणालीला जोडण्याआधी त्यावर २४ व्होल्टचा उल्लेख आहे का ते पाहावे.

चावी शोधत बसू नका. या ट्रकांना चावी नसते, फक्त फिरवायचा खटका असतो. एम-३५ए२ मध्ये तो फिरवल्यावर टाकीतला विजेवरचा पंप हळू गुणगुणताना ऐकू यायला हवा. मात्र खटका बंद केल्याने हे इंजिन बंद होत नाही. त्यासाठी डॅशबोर्डवरचा दांडा ओढावा लागतो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी तो दांडा मोकळा सरकतो का, आणि त्याची केबल इंजिनवरच्या इंजेक्शन पंपापर्यंत खरोखर जोडलेली आहे का, हे बॉनेट उघडून पाहावे. आपण बंद करू शकत नाही असे इंजिन सुरू करू नये.

सुरू झाल्यावर काही सेकंदांत तेलाचा दाब दिसला पाहिजे. सुरुवातीचा दाट धूर विरळ होत जातो. पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून गळती, पट्ट्यांचा आवाज आणि कूलंटचे तापमान यांवर लक्ष ठेवावे.

६. ब्रेक: येथे घाई करू नका

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. एम-३५ए२ चे ब्रेक हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक आहेत, तर एम-९३९ मालिकेचे पूर्ण एअर ब्रेक. दोन्हींची तपासणी वेगळी आहे.

एम-३५ए२ मध्ये सर्व चाकांसाठी हायड्रॉलिकचा एकच मार्ग असतो. याचा अर्थ एका चाकाचा सिलिंडर फुटला किंवा एक नळी गेली तर सगळेच ब्रेक जातात. म्हणून ट्रकखाली शिरून प्रत्येक चाकाची आतली बाजू ओली आहे का ते पाहावे, रबरी नळ्या वाकवून भेगा तपासाव्यात, मास्टर सिलिंडरची पातळी पाहावी आणि पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर तेथेच थांबावे.

ब्रेक ऑइल भरताना फार जण फसतात. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात सिलिकोनचे डॉट ५ ऑइल स्वीकारले. ते बहुधा जांभळट असते, पण वर्षांनंतर रंग उडतो. दुकानात सहज मिळणारे डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलचे असतात आणि त्यात मिसळत नाहीत, डॉट ५.१ हे नाव जवळचे वाटले तरी तेही ग्लायकॉलचेच आहे. आत काय आहे याची खात्री नसेल तर वरून काहीही ओतू नये.

आता हवा. टाक्यांच्या तळाच्या तोट्या उघडून साठलेले पाणी सोडावे आणि त्या बंद कराव्यात. मागे ट्रेलरसाठी असलेल्या हवेच्या तोट्याही बंद आहेत याची खात्री करावी. माझ्या पहिल्या ट्रकचा दाब अर्धा तास इंजिन चालवूनही वाढेना. कॉम्प्रेसर गेला या समजुतीने मी तो खोलायला निघालो होतो, आणि शेवटी मागची एक तोट उघडी सापडली. दाब १२० पाउंडांच्या आसपास पोचला की इंजिन बंद करून पेडल दाबून धरावे. एअर ब्रेकच्या नेहमीच्या चाचणीत एकट्या गाडीचा दाब पहिल्या घटीनंतर मिनिटाला तीन पाउंडांहून अधिक उतरता कामा नये. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून दाब उतरवावा. साधारण ६० पाउंडांजवळ इशाऱ्याचा बझर वाजायला हवा.

एम-९३९ मध्ये हवा नसताना स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळलेले असतात, त्यामुळे पुरेशी हवा भरेपर्यंत ट्रक जागचा हलत नाही. हा बिघाड नव्हे. हवा भरतच नसेल तर स्प्रिंग बोल्टने आवळून चाके मोकळी करता येतात, पण तेव्हा पार्किंग ब्रेक उरत नाही, म्हणून आधी ठोकळे लावावेत, आणि अशा स्थितीत ट्रक फक्त ट्रेलरवर चढवण्यापुरताच हलवावा.

एम-३५ चा हँड ब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर काम करतो. तो उभ्या गाडीसाठी आहे. चालत्या गाडीत तो आपत्कालीन ब्रेक समजून ओढल्यास ड्राइव्ह शाफ्टवर प्रचंड ताण येतो.

यातली एकही चाचणी नापास झाली तर लोबेड मागवा. तिसऱ्या ट्रकच्या वेळी मी हेच केले. घरी ड्रम उघडल्यावर दोन चाकांचे सिलिंडर आतून गंजून गळत होते, आणि तो खर्च केल्याचा मला कधीही पश्चात्ताप झाला नाही.

७. दिव्यांचा तीन दांड्यांचा खटका

लष्करी दिव्यांचा खटका मुद्दाम अवघड ठेवलेला असतो, कारण अंधारात चुकूनही दिवा लागू नये. पुढचे मोठे दिवे लावण्यासाठी ‘अनलॉक’चा छोटा दांडा एका हाताने वर धरून ठेवावा लागतो आणि मगच मुख्य दांडा ‘सर्व्हिस ड्राइव्ह’वर फिरतो. दुसऱ्या बाजूला युद्धकाळातील मंद दिव्यांच्या जागा असतात. त्या रस्त्यावर निरुपयोगी आहेत.

महत्त्वाची बाब अशी, की खटका ‘ऑफ’वर असताना ब्रेकचे दिवे लागत नाहीत. दिवसा चालवतानाही तो किमान ‘स्टॉप लाइट’वर ठेवावा लागतो. मागे माणूस उभा करून ब्रेक आणि वळणाचे दिवे प्रत्यक्ष पाहावेत. बल्बचे बूड बहुधा गंजलेले असते. तारेच्या ब्रशने घासल्यावर निम्मे दिवे परत येतात.

८. यार्डातच चाचणी फेरी

परवानगी घेऊन यार्डात दहा मिनिटे ट्रक फिरवावा. ट्रान्सफर केस उंच वेगाच्या गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांची ओढ बंद असावी, कारण कोरड्या पक्क्या रस्त्यावर सगळी चाके एकत्र जुंपली की वळताना गिअरांवर ताण साठतो. गिअरांची मांडणी डॅशबोर्डवरच्या पट्टीवरून पाठ करून घ्यावी. प्रत्येक गिअरचा कमाल वेगही तेथेच दिलेला असतो. एम-३५ए२ ला बहुधा पॉवर स्टिअरिंग नसते, त्यामुळे जागच्या जागी चाक वळवण्याचा प्रयत्न करू नये, गाडी हळू चालत असतानाच वळवावे. पाच, दहा आणि पंचवीसच्या वेगावरून ब्रेक दाबून ट्रक एका बाजूला ओढतो का ते पाहावे.

९. रस्त्यावर

मार्ग आदल्या दिवशी आखावा: कमी चढ, रुंद कडा, उजेडातच संपणारा. कमानी आणि ताडपत्रीसह ट्रकची उंची फितीने मोजून केबिनमध्ये मोठ्या अंकांत लिहून ठेवावी. एम-३५ए२ चा कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास असला तरी मी ७० च्या वर नेत नाही.

पहिला थांबा दहा किलोमीटरवर घ्यावा, दुसरा तीसवर, आणि त्यानंतर दर तासाला. प्रत्येक थांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने सर्व हबांचे (चाकांच्या मधल्या भागांचे) तापमान घ्यावे. आकडा किती आहे यापेक्षा एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक बोलका असतो. एक हब दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर तेथे ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग कोरडे पडले आहे. चाकांचे नट हाताने आणि नजरेने तपासावेत. नटाभोवती गंजाची ताजी रेघ दिसली तर नट सैल आहे.

वाटेत इंजिन दम तोडू लागले, चढावर ओढेनासे झाले, तर पहिला संशय डिझेल फिल्टरवर घ्यावा. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ प्रवासाच्या हिसक्यांनी सुटतो. फिल्टर बदलून इंधनाच्या नळीत शिरलेली हवा काढली की बहुतेक वेळा गाडी पूर्ववत होते.

पावसात विशेष जपावे. रिकाम्या ट्रकची मागची चाके ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास लगेच अडकतात. एम-९३९ मालिकेला पुढे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी प्रणाली) बसवण्यात आले ते याच कारणाने, पण आपल्या गाडीत ते बसवलेले असेलच असे नाही. पुढच्या वाहनापासून मोटार चालवताना ठेवता त्याच्या तिप्पट अंतर ठेवावे.

टर्बो असलेले इंजिन थांबवण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे मंद चालू द्यावे. चावी नसल्यामुळे जेवणासाठी थांबतानाही स्टिअरिंगला साखळी आणि कुलूप लावावे.

ट्रक ओढून न्यावा लागलाच तर आधी ड्राइव्ह शाफ्ट काढावेत किंवा त्या मॉडेलच्या तांत्रिक पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ट्रान्सफर केस न्यूट्रल करावे. ॲलिसन कंपनीचा स्वयंचलित गिअर बॉक्स असलेल्या एम-९३९ मध्ये शाफ्ट काढणेच योग्य. इंजिन बंद असताना त्याला आतून वंगण मिळत नाही.

१०. घरी पोचल्यावर

ट्रक सपाट जागी उभा करून ठोकळे लावावेत, हवेच्या टाक्यांतले पाणी सोडावे आणि बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. हब अजून गरम असतानाच शेवटची तापमाने लिहून घ्यावीत, कारण कोणते ड्रम आधी उघडायचे हे त्यावरूनच ठरते. दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रक हलवण्याआधी, खाली पडलेले डाग पाहावेत आणि प्रत्येकाच्या बरोबर वर काय आहे ते नोंदवावे. त्यानंतर चाकांचे सर्व नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत, इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर बदलावेत, आणि पुढच्या प्रवासाआधी प्रत्येक ड्रम एकदा उघडून पाहावा.